डावीकडून नववा

उदाराम रहांगडाले लग्नात कोणालाही 'इकडे बघा' म्हणत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या दर तीन कुटुंबांपैकी एक पहिल्या भेटीतच उठून जातं. "मग फोटो निघणार कसे?" असं मुलीचे वडील विचारतात, आणि उदारामजी म्हणतात, "निघतात जी. तुम्ही फक्त लग्न करा."

गोंदियाच्या स्टेशनापलीकडे तांदळाच्या एका बंद गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही तिघं. उदारामजी, वय अठ्ठावन्न, एका दैनिकाचे सव्वीस वर्षं छायाचित्रकार. हिमांशु, वय अडतीस, आधी एका हिंदी पेपरला फोटो देत असे. त्याला मराठी सगळं समजतं, पण राग फक्त हिंदीत येतो. आणि मी, पुष्पांजली बिसेन. उदारामजींच्याच दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी एकोणीस वर्षं फोटोओळी लिहिल्या. फोटोखाली 'डावीकडून अमुक, तमुक' अशा दोन ओळी असतात ना, त्या. लोक बातमी वाचत नाहीत, आपलं नाव तिसरं आलं की चौथं ते वाचतात. चुकलं तर भांडायला येतात, आणि बरोबर आलं तर त्याहून जास्त वेळ बसतात. माणसांबद्दल मला जे काही कळतं ते तिथे कळलं.

सहा वर्षांपूर्वी दैनिकाने जिल्हा कार्यालय बंद केलं आणि आम्हाला एकेक शाल दिली. उदारामजींनी त्या शालीत जुनी लेन्स गुंडाळून ठेवली. मग एक दिवस म्हणाले, लग्नं करू. मी हसले. ज्या माणसाने पूर टिपले, रेल्वेचे अपघात टिपले, कचारगडच्या जत्रेत पहाटेपासून डोंगर चढून गुहेच्या तोंडाशी चार तास उभं राहून एक फोटो आणला, तो आता हळदीच्या वाट्या टिपणार?

पहिल्या लग्नानंतर माझं हसणं थांबलं. मुलीचा बाप दिवसभर मांडवात आरडाओरडा करत होता, आचाऱ्यापासून भटजीपर्यंत कोणाला सोडलं नाही त्याने. विदाईच्या थोडं आधी तो पाण्याच्या टाकीमागे गेला आणि खांद्यावरचा दुपट्टा घडी घालू लागला. घातली, मोडली, पुन्हा घातली. उदारामजी दहा हातांवर उभे होते. बापाला ते दिसत होते, पण उदारामजींचं हेच आहे: थोड्या वेळाने ते कोणालाच दिसेनासे होतात. अल्बममधलं त्या फोटोचं पान बापाने उघडलं आणि लगेच मिटलं. मग आमच्यासाठी चहा सांगितला.

तेव्हापासून तीच रीत. हाक मारायची नाही, कोणाला सरकवायचं नाही, कुठलीही फ्रेम पुसायची नाही. आणि अल्बममधल्या प्रत्येक फोटोखाली फोटोओळ, पेपरात असते तशी. ती माझ्याकडे. माझी एक लांब वही आहे. तीत फ्रेमचा नंबर, वेळ, आणि डावीकडून माणसं. हिमांशु म्हणतो, "मॅडम, आप मरेंगी तो यमराज को भी लेफ्ट टु राइट लिखवाएंगी." म्हणू दे.

फेब्रुवारीत प्रेमिला कापगते आणि त्यांची मुलगी हर्षा आल्या. गाव सावरबंध, तालुका अर्जुनी मोरगाव. घर कोहळ्यांचं, म्हणजे तलाव बांधणाऱ्यांचं. गावाचा तलाव यांच्याच पणजा-खापरपणजांनी बांधलेला. प्रेमिलाबाई पन्नाशीच्या आसपास, कपाळावर मोठी टिकली, गळ्यात मंगळसूत्र. जेवढ्यास तेवढं बोलणाऱ्या. हर्षा आईच्या वाटणीचंही बोलत होती. ठरलेला मुलगा प्रफुल, तिरोड्याच्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे कामाला. लग्न एप्रिलमध्ये, घरच्या मांडवात, भर दुपारी.

उदारामजी नियम सांगायला लागले तसं प्रेमिलाबाईंनी हात वर केला. "आमाले नका सांगू. तुमची रीत आमाले माहीत आहे." आणि पिशवीतून एक कात्रण काढून टेबलावर ठेवलं. लॅमिनेट केलेलं, कोपरे झिजलेले.

फोटोच्या आधी मी माझ्या ओळी ओळखल्या. 'सावरबंध येथे तलावाची पाळ वाचवण्यासाठी रेतीची पोती लावताना गावकरी. डावीकडून नववे दुधराम कापगते, जे यानंतर बेपत्ता झाले.' अकरा वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. सकाळचा काळपट उजेड, पाळीवर सतरा माणसं रांगेत, हातोहात पोती चाललेली. सतरा मीच मोजली होती, कारण बातमीदाराने वीस लिहिली होती. सोळा जणांचे चेहरे कुठून ना कुठून दिसतात. नववा माणूस पाठमोरा आहे. उघडी पाठ, खांद्यावर पोतं.

त्यानंतर वीसेक मिनिटांनी दुधराम कापगते पाण्यात उतरले. तलावाचं पाणी सोडायची जी खालची वाट असते, तिला तिकडे तुडूम म्हणतात; ती गाळाने तुंबली होती. ती मोकळी झाली. पाणी धडाधडा निघालं, पाळ वाचली, गाव वाचलं. दुधराम वर आले नाहीत. नऊ दिवस शोधलं, काही मिळालं नाही.

"हे माझे बाबा," हर्षा म्हणाली. "म्हणजे बाबाची पाठ."

दुसरा फोटो नव्हता. त्याच पावसात घराची भिंत पडली, फोटोंची पेटी चिखलात गेली. मतदार कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं, सदरा कोणीतरी पाळीवरून उचलला तो गर्दीत हरवला. आधार काढायचं राहिलं होतं. मतदार यादीत नावापुढे शाईचा काळा चौकोन.

"मी आठवीत होती," हर्षा म्हणाली. "चेहरा आठवते मले. पण दरवेळी थोडा वेगळाच आठवते. आता तर कधीकधी काकाच दिसतात मले त्यात. उद्या माझं लेकरू विचारन, आजोबा कसे होते? त्याले काय दाखवू, मॅडम? पाठ?" आणि स्वतःच हसली. आम्ही कोणी हसलो नाही.

प्रेमिलाबाई उदारामजींकडे पाहत होत्या. "तुमी त्याच्या मागंच उभे होते. एक हाक कायले नाई मारली?"

"कामात होते ते, बाई. कामातल्या माणसाला मी हाक मारत नाही."

"मारली असती तर वळून पाह्यलं असतं त्यानं."

"हो."

"थांबला असता घडीभर."

उदारामजींनी टेबलावरचं कात्रण सरळ केलं. म्हणाले, "त्या सकाळच्या तेवीस फ्रेम आहेत माझ्याकडे. तेवीसही पाठीच्या. मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत."

प्रेमिलाबाईंनी कात्रण परत पिशवीत ठेवलं. "अल्बमच्या पहिल्या पानावर हाच फोटो लावा. चेहरा नाई तर नाई. बाप पहिल्या पानावर पाह्यजे."

त्या गेल्यावर उदारामजी लेन्स पुसत बसले. ती आधीच स्वच्छ होती. मी म्हटलं, "अजून पुसाल तर पलीकडचं दिसायला लागेल." एरवी या माणसाला माझं बोलणं आवडतं. त्या दिवशी ते उठून खिडकीशी गेले.

लग्नाच्या दिवशी आम्ही नऊ वाजता सावरबंधला पोचलो. घरासमोर मांडव, मांडवामागे पाळ, पाळीमागे तलाव. पाळीवरची झाडं मांडवाहून उंच, त्यांच्या बुंध्याशी मोहाच्या फुलांचा सडा आणि त्याचा आंबूस गोड वास. ऊन असं की स्टीलच्या पेल्याला हात लावला की चटका. पाण्याचे ड्रम ओल्या पोत्यांनी गुंडाळून ठेवले होते आणि त्या पोत्यांचा ओला, गाळकट वास मांडवभर पसरला होता. निदान तेव्हा मी तसंच धरलं.

माणसं मला आवडली. भांडत होती, पण कामं करत होती. दुधरामचे धाकटे भाऊ बिसराम, मांडवाच्या प्रत्येक खांबाला स्वतः हलवून पाहणारे. त्यांची बायको अनुसयाबाई, मोठ्याने बोलणाऱ्या, पदर कमरेला खोचून. कन्यादानाला हे दोघं बसणार होते. प्रेमिलाबाईंनी मंगळसूत्र काढलेलं नव्हतं आणि नवऱ्याचे दिवसही कधी केले नव्हते. त्यामुळे त्यांनी बसावं की बसू नये, हा प्रश्न दहा बायकांनी दहा कोपऱ्यांत चघळून झाला होता. शेवटी त्यांनीच संपवला. "मी उभी राहतो मागं. मले तिथून सगळं दिसते."

मला म्हणाल्या, "जेवून जा हो मॅडम. त्या दिवशी साहेब उपाशी गेले होते गावातून." पुराच्या त्या सकाळी फोटोग्राफर जेवला की नाही, हे या बाईने अकरा वर्षं लक्षात ठेवलं होतं.

मुहूर्त बारा वाजून आठ मिनिटांचा. पावणेबाराला हर्षाला आणलं. उदारामजी बोहल्यासमोर डावीकडे, हिमांशु उजवीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर चढलेला, मी वही घेऊन कडेला. मंगलाष्टकं सुरू झाली. लाउडस्पीकर खरखरत होता, हळदीने पिवळ्या केलेल्या अक्षता उडत होत्या, लहान पोरं एकमेकांच्या कानात टाकत होती.

दुसऱ्या मंगलाष्टकाला मी पाहिलं की उदारामजींचा कॅमेरा नवरा-नवरीवर नाही. तो हर्षाच्या मागे, मांडवाच्या निळ्या कापडाच्या खांबाशी लागला होता. तिथे बिसराम, अनुसयाबाई, प्रेमिलाबाई आणि एक म्हातारे पाहुणे उभे होते. उदारामजींनी दोनतीन फ्रेम घेतल्या. मग डोळा कॅमेऱ्याला तसाच आणि बोट स्थिर. मिनिटभर. इतका वेळ ते थांबलेले मी कधी पाहिले नव्हते असं नाही, पण श्वास रोखून थांबलेले पाहिले नव्हते.

त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि हाक मारली.

"भाऊ. ओ भाऊ. इकडं पहा एकदा."

मोठ्याने नव्हे. शेतातून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला मारतात तशी.

हिमांशु खुर्चीवर हलला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मांडवात दुसऱ्या कोणालाच काही वाटलं नाही. फोटोवाला 'इकडं पहा' म्हणणारच. बिसराम तेवढे अर्धं पाऊल बाजूला सरकले. मागच्याच्या आड येऊ नये म्हणून माणूस सरकतो तसे. उदारामजींनी बटण दाबलं. एकदाच. मग अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली, आणि मी वहीत वेळ लिहिली: १२.०७.

गाडीत मी विचारलंच. "सव्वीस अधिक सहा वर्षं, उदारामजी. आज कोणाला हाक मारली?"

ते बाहेर पाहत होते. "लोकांनी जागा सोडली होती. मोठ्या माणसाला सोडतात तशी. मला वाटलं, कोणी उभं आहे."

"कोणी होतं?"

"तुम्ही मोजता ना," ते म्हणाले. "मोजून सांगा."

पुढच्या सोमवारी मी मोजायला बसले. दोन कॅमेऱ्यांच्या मिळून दोन हजार तीनशे सोळा फ्रेम. सकाळी दहा ते पाच, खिडकी उघडी, खाली गिरणीच्या आवारात कोणीतरी खाट ठोकत होतं. पहिले दोन दिवस मी नेहमीसारखी गालातल्या गालात हसत होते. उदारामजींचा हात असा की माणसाचं सगळं बाहेर येतं: वरमाईचं दुसऱ्यांच्या दागिन्यांवरचं लक्ष, प्रफुलचं पुन्हा पुन्हा बूट पाहणं, पंगतीत तिसऱ्यांदा बसलेला एक गृहस्थ.

बुधवारी मला जागा दिसली.

खांबाशी, बिसराम आणि प्रेमिलाबाई यांच्यामध्ये एका माणसाएवढी. तेवढं काही विशेष नाही, गर्दीत फटी असतात. पण गर्दीतली फट हलते. ही हलत नव्हती. सकाळी अकरा चाळीसपासून ती तिथे होती, आणि माणसं तिला वळसा घालून जात होती. मांडवात पाय ठेवायला जागा नसताना. एका फ्रेममध्ये अक्षता वाटणारा पोऱ्या ताट तिच्याकडे धरून थांबला आहे, आणि पुढच्या फ्रेममध्ये पुढे गेला आहे. एका फ्रेममध्ये तीनेक वर्षांची मुलगी मान वर करून पाहते आहे. उंच माणसाच्या तोंडाकडे पाहताना मान जेवढी वर जाते, तेवढी.

हिमांशुच्या फ्रेम उलट बाजूने घेतलेल्या. वेळ लावून जोडून पाहिल्या. तिकडूनही तीच जागा, तोच खांब.

मग अनुसयाबाई. ही बाई दिवसभर डोक्यावर पदर न घेता वावरलेली आहे. मी प्रत्येक फ्रेम पाहिली. फक्त तीन फ्रेममध्ये त्यांच्या डोक्यावर पदर आहे, कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली. तिन्ही वेळा बाई त्या जागेसमोरून जात आहेत. पुढे गेल्या की पदर पुन्हा कमरेला. मोठ्या दिरासमोरून, भासऱ्यासमोरून, आमच्याकडच्या बायका अशाच जातात. माझी आई जायची. हे हिमांशुच्या नजरेला कधीच आलं नसतं.

त्याच्या नजरेला दुसरं आलं. "मॅडम, ये चावल देखिए."

सहा फ्रेम होत्या. जागेच्या वर, साधारण खांद्याच्या उंचीवर, अक्षतांचे दाणे हवेत. मी म्हटलं, फोटोत दाणे हवेतच दिसणार. "हाँ, शटर तेज था," तो म्हणाला. "पर पहली और छठी में पचास सेकंड का फ़र्क़ है."

बाकीचे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे होते. हे तेच होते. कॅमेऱ्यातली धूळ म्हणावी तर ती फ्रेमसोबत सरकते. हे खांबापासून तेवढ्याच अंतरावर राहिले होते. पाच एकत्र, दोन थोडे मागे. सात.

मी वहीत सात लिहिलं. दुसरं काय करणार?

आणि बारा वाजून सात मिनिटांची ती एक फ्रेम. बिसराम अर्धं पाऊल सरकलेले. मध्ये जागा. जागेत कोणी नाही. पुढच्याच फ्रेममध्ये ती जागा भरली होती. माणसं सहज एकमेकांना टेकून उभी होती, जणू कधी फट नव्हतीच. दाणेही नव्हते. त्यानंतरच्या अकराशे फ्रेममध्ये ती जागा पुन्हा कुठेही नाही.

उदारामजींना मी सगळं दाखवलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून पाहिलं, जसे ते नेहमी स्वतःचं काम पाहतात. "फोटोओळी घ्या," ते म्हणाले. "विचारून घ्या, नेहमीसारख्या."

खांबाशेजारचा अकरा त्रेपन्नचा एक फोटो मी अनुसयाबाईंना मोबाइलवर पाठवला आणि फोन केला. लग्न होऊन दहा दिवस झाले होते. बाई खुशीत होत्या.

"हो, दिसून राहिला. मस्त आहे जी. डावीकडून सांगू? हे आमचे हे. मंग भासरे. मंग आमची जाऊ. मंग मनिराम मामा, देवरीचे."

मी लिहिता लिहिता थांबले. "दुसरं कोण म्हणालात?"

"दुसरी आमची जाऊ. प्रेमिलाबाई."

"तिच्या आधी एक नाव सांगितलंत."

"काऊन थट्टा करता, मॅडम? तीनच तर आहेत फोटोत." आणि खरंच बुचकळ्यात पडून म्हणाल्या, "मी कोणाचं नाव घेतलं?"

नाव त्यांनी घेतलं नव्हतं. भासऱ्याचं नाव बायका घेत नाहीत.

मग मी प्रेमिलाबाईंना फोन लावला. त्यांनाही तोच फोटो पाठवला होता. मी काही न सांगता फक्त म्हटलं, डावीकडून सांगा. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बिसराम," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "मी. मनिराम मामा."

"मध्ये?"

"मध्ये कोणी नाई, मॅडम." पुन्हा कोंबड्या. "पण जागा बरोबर सोडली आहे. तेवढाच रुंद होता तो."

शुक्रवारी अल्बम बांधायला द्यायचा होता. उरलं होतं पहिलं पान. सकाळी अकराला उदारामजींनी कपाटातून जुनी हार्ड डिस्क काढली, अकरा वर्षांपूर्वीचा ऑगस्ट शोधला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. सावरबंधचं फोल्डर. तेवीस फ्रेम. छापून आलेली शेवटची, सकाळी सहा अडतीसची.

मी ती उघडली आणि सवयीने डावीकडून मोजायला लागले. सतरा. बरोबर.

मग पुन्हा मोजलं, या वेळी चेहरे.

सतरा.

उदारामजी माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. खाली गिरणीच्या आवारात एक मोटरसायकल सुरू झाली आणि निघून गेली.

नवव्या माणसाने मान वळवली होती. खांद्यावर पोतं तसंच, पाय चिखलात तसेच. कामात असताना मागून कोणी हाक मारली तर माणूस पाहतो तसा तो पाहत होता. थोडा वैतागून, थोडं हसू. रुंद कपाळ, जाड भुवया. नाक हर्षाचं.

उरलेल्या बावीस फ्रेम मी उघडल्या. बावीसांत पाठ.

"कोणी फाइलला हात लावला असेल," मी म्हटलं. आवाज माझाच होता.

उदारामजींनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. मी उठले आणि माझी कात्रणांची वही काढली. मी लिहिलेली प्रत्येक फोटोओळ तीत चिकटवलेली आहे, एकोणीस वर्षांची. कागद पिवळा पडलेला, डिंकाचे डाग, मागच्या बाजूला एका सायकलच्या दुकानाची अर्धी जाहिरात. वर फोटो, खाली माझ्या दोन ओळी. 'डावीकडून नववे दुधराम कापगते.'

पेपरच्या बारीक ठिपक्यांतून तेच डोळे माझ्याकडे पाहत होते.

प्रेमिलाबाईंना कळवायला मी मोबाइल हातात घेतला. त्यांचा संदेश आधीच येऊन पडला होता, सकाळी साडेसहाचा. लॅमिनेट केलेल्या कात्रणाचा फोटो, चेहऱ्यावर ट्यूबलाइटची चमक. खाली लिहिलं होतं, 'साहेबांना सांगा, हाक पोचली.'

मी तो उदारामजींना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला. बत्तीस वर्षांत जगातल्या कोणाचंही रडणं ज्यांच्या हातातून निसटलं नाही, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांची रीत आता मलाही येते.

पान लावायचं म्हणून मी तो फोटो मोठा केला. ऑगस्टमधली सकाळ. पाऊस कोसळत होता, सगळ्यांच्या अंगावरून पाणी ओघळत होतं, सतराही जण चिखलाच्या रंगाचे झाले होते.

नवव्याच्या ओल्या खांद्यावर, पोत्याच्या कडेशी, काहीतरी पिवळं चिकटलं होतं. मी आणखी मोठं केलं.

पाच एकत्र. दोन थोडे मागे.